तेराव्याला ठरवलेलं घर

आजोबांच्या तेराव्याला आमच्या घरात दोन गोष्टी झाल्या. दुपारी पंगती उठल्या आणि संध्याकाळी आजीचं पुढचं आयुष्य ठरलं. पंगतींना चार तास लागले. आजीचं ठरायला वीस मिनिटंही लागली नाहीत.

फेब्रुवारी २०२२. किल्लारीपासून आठ-दहा किलोमीटरवरचं आमचं गाव. ओट्यावर सतरंजीवर पप्पा, पुण्याचे काका, सोलापूरची आत्या आणि भिंतीला टेकून मी. आजी आत, स्वयंपाकघराच्या दाराशी. काका म्हणाले, "आईला आता इथं एकटं ठेवता येणार नाही." पप्पा म्हणाले, "नांदेडला नेतो." आत्या म्हणाली, "बरं होईल, दवाखाने तरी जवळ आहेत." मग काकांनी माझ्याकडं बघितलं. "तू शिकलेली आहेस, तुला काय वाटतं?" मी म्हणाले, "बरोबर आहे. इथं रात्री काही झालं तर?"

आजीला कुणी काही विचारलं नाही. विचारायचं राहून गेलं, असंही नाही. तिला विचारायचं असतं, हेच आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नव्हतं. तिसऱ्या दिवशी दोन पत्र्याच्या पेट्या, एक गोधडी आणि आजी, असं सगळं गाडीत बसवून आम्ही नांदेडला आलो. फॅमिली ग्रुपवर काकांनी लिहिलं, "आईला सुखरूप शिफ्ट केलं." मी त्यावर हात जोडल्याची इमोजी टाकली.

हा लेख त्या वीस मिनिटांच्या विरोधात आहे. त्यात मीही होते, म्हणून माझ्याही विरोधात आहे.

तिसरं स्थलांतर

आजीला घर सोडायला लावायची ही तिसरी वेळ होती, हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्यांदा १९६२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, लग्न होऊन ती या गावात आली. तिला विचारायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्यांदा १९९३ मध्ये. २९ सप्टेंबरला गणपती विसर्जन झालं, माणसं दमून झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाची माती. आमच्याकडचं हे घर उन्हाळ्यात गार राहायचं, त्या पहाटे तेच अंगावर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ-दहा हजार माणसं गेली. आमच्या घरातून आजीची सासू आणि धाकटा दीर गेला.

त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जाची मदत घेऊन सरकारनं ५२ गावं उचलून नव्या जागी वसवली. त्यातलं एक आमचं. पहिल्या काही आठवड्यांत लोकच म्हणत होते, आम्हाला या जागेवर राहायचं नाही. ज्यांनी स्वतःच्या हातांनी ढिगाऱ्यातून आपली माणसं काढली, त्यांनी दुसरं काय म्हणावं? पण तो निर्णय भीतीतून आलेला होता, आणि तो पुढच्या दोन पिढ्यांसाठी दगडावरची रेघ झाला.

नवं गाव नकाशात देखणं होतं. सरळ रुंद रस्ते, एका ओळीत घरं. घराचा आकार जमिनीच्या हिशेबानं. भूमिहीन किंवा एक हेक्टरपर्यंत जमीन असेल तर २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टर असेल तर ४००, त्याच्या वर ७५०. आमची चार एकर, म्हणजे ४०० चौरस फूट. जुन्या गावात परसातून हाक मारली की आजीची चुलत जाऊ 'ओ' द्यायची. तिच्या वाट्याची जमीन कमी होती, त्यामुळं नव्या गावात ती चार गल्ल्या पलीकडं गेली. शेजार कुणाचा, हे सातबाऱ्यावरून ठरलं. गाव पसरलं आणि रान लांब पडलं. दारात सावली नाही, बायकांना बसायला ओटा नाही. "सुरवातीला दवाखान्यात ठेवल्यावानी वाटायचं," आजी सांगते.

मग तिनं दारात लिंब लावला. आजोबांना सांगून ओटा बांधून घेतला. दुपारचं काम उरकलं की चार गल्ल्या चालत जाऊन जाऊबरोबर बसायचा नेम लावला. वीस-पंचवीस वर्षांत लिंबाची सावली ओट्यावर आली, त्या ओट्यावर निवडणं-टिपणं करायला पाच-सहा बायका येऊ लागल्या आणि ती वसाहत गाव झाली. आम्ही तिला तिथून उचललं तेव्हा ती पंचाहत्तरीला टेकली होती. नांदेडच्या तिसऱ्या मजल्यावर हे सगळं तिनं पुन्हा पहिल्यापासून करावं, अशी आमची अपेक्षा होती. त्याला आम्ही 'आराम' म्हणत होतो.

भूकंपाच्या पुनर्वसनातला दुसरा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. त्याच काळात सुमारे दोन लाख घरं जिथल्या तिथं दुरुस्त आणि मजबूत करण्यात आली. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीत आरपार दगड घालायचे, कोपरे बांधून घ्यायचे. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकारातून गावोगावच्या महिला मंडळांमधल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून काम करू लागल्या. घरमालकाला काय मिळणार आहे, काय करता येतं, काय करू नये, हे त्या समजावून सांगायच्या. घर आणि पैसा घरमालकाच्या हातात राहायचा, आणि माहिती त्याच्या दारात यायची.

म्हणजे 'इथून हला' आणि 'इथंच मरा' यांच्यामध्ये तिसरी वाट असते, हे आपल्याच जिल्ह्यानं तीस वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे. आहे तिथंच घर राहण्याजोगं करायचं आणि राहणाऱ्याला पुरती माहिती द्यायची. घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल ठरवताना आपल्याला ही वाट का आठवत नाही?

माझी एक्सेल शीट

जून २०२२ मध्ये आजी पहिल्यांदा म्हणाली, "पेरणीला जाऊन येते." पप्पा म्हणाले, पाऊस लागू दे. पाऊस लागल्यावर म्हणाले, चिखल आहे. ती रोज विचारू लागली तेव्हा पप्पांनी मला फोन केला, "तू समजावून सांग, तुझं ऐकते."

मी समजावलं कसं, तर एक्सेल शीट बनवून. डाव्या बाजूला निकष. दवाखाना, सोबत, पाणी, वीज, स्वच्छतागृह, औषधांचं दुकान. प्रत्येकाला वजन आणि प्रत्येकाला दहापैकी गुण. नांदेडला ८४, गावाला ४७. शनिवार-रविवारी नांदेडला आले तेव्हा मोबाइलवर आजीला दाखवलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. भावनेच्या भरात न जाता वगैरे.

आजीनं विचारलं, "हे 'सोबत' म्हंजे काय? त्याला नऊ कामून?"

"घरात चार माणसं आहेत ना, म्हणून."

"सकाळच्या धापासून दिवे लागंपर्यंत कोन असतंय?"

कुणीच नसतं. पप्पा शाळेत, आई पतसंस्थेत, भाऊ कॉलेजला आणि तिथून क्लासला. आजी आठ तास बंद दाराआड एकटी. गावात ती 'एकटी' होती, पण दार उघडं असायचं आणि दुपारी ओट्यावर पाच बायका असायच्या. मी नवाचे दोन केले. तरीही नांदेडच जिंकलं.

मला हे कळायला दीड वर्ष लागलं की गुण बदलून काही होणार नव्हतं, कारण वजनं मी ठरवली होती. दवाखान्याला शंभरातले पंचवीस द्यायचे, हे कुणी ठरवलं? मी. का? कारण मी चारशे किलोमीटर लांब असते आणि रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. तो पंचवीसचा आकडा आजीच्या प्रकृतीचा नव्हता, माझ्या भीतीचा होता. त्या शीटमध्ये लिंब नव्हता, जाऊ नव्हती. स्वतःच्या चुलीवर स्वतःला हवा तेव्हा चहा टाकणं नव्हतं. मोजता येत नाही, म्हणून मी ते धरलंच नव्हतं.

'सुरक्षित' हा शब्द आपण म्हाताऱ्या माणसांसाठी वापरतो तेव्हा एकदा तपासून बघायला हवं की सुरक्षित कोण होतंय. पुष्कळदा आपली झोप सुरक्षित होते आणि तिची किंमत त्यांच्या दिवसांतून वसूल होते.

आमच्या कामात डेटा एका सर्व्हरवरून दुसरीकडं हलवायचा असेल तर चार प्रश्नांची उत्तरं लिहून दिल्याशिवाय कुणी परवानगी देत नाही. आधी लहान प्रमाणात करून बघितलं का? जुनी यंत्रणा किती दिवस चालू ठेवणार? बिघडलं तर मागं कसं यायचं? आणि हे बघणार कोण? शुक्रवारी संध्याकाळी तर कुणी हातच लावत नाही. एका कंपनीच्या ग्राहकांच्या पत्त्यांसाठी आपण एवढी काळजी घेतो आणि जिवंत माणूस हलवताना तेराव्याची संध्याकाळ निवडतो. घराला कुलूप, गाय विकली, गॅस जोडणी बंद, परतीचा रस्ता कुणाच्या मनातही नाही.

आधार कार्ड आणि येळवस

बाहेरच्यांसाठी सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर-धाराशिवकडं गावंच्या गावं रानात जातात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप करायची, तिथं पूजा करायची, भज्जी आणि आंबील खायची, आल्या-गेल्याला बोलावून खाऊ घालायचं. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं. जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते. दिवाळीला न येणारी माणसं येळवशीला येतात.

२०२२ च्या येळवशीला आजीला न्यायचं राहून गेलं, पप्पांना निवडणुकीच्या याद्यांचं काम होतं. पुढची येळवस ११ जानेवारी २०२४ ला आली. सकाळी सगळे बाहेर पडल्यावर आजीनं आधार कार्ड घेतलं, रिक्षानं बसस्थानक गाठलं आणि लातूरच्या गाडीत बसली. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर, तिथून औसा आणि मग लामजना पाटी. आम्हा शिकलेल्यांना दीड वर्षात जे जमलं नाही, ते तिनं फुकट करून दाखवलं.

दुपारपर्यंत घरात आकांत. पप्पा पोलीस चौकीच्या वाटेवर, मी पुण्यात मीटिंगमधून उठलेली, ग्रुपवर एकेचाळीस मेसेज. अडीच वाजता अनोळखी नंबरवरून फोन आला. जाऊच्या नातवाचा मोबाइल होता. आजी म्हणाली, "भज्जी संपली. आंबील हाय. येता का तुमी?"

पप्पा रागानं थरथरत होते. "वाटेत काही झालं असतं म्हणजे?" प्रश्न खरा होता. पण मी पहिल्यांदाच उलटा प्रश्न स्वतःला विचारला. शहाण्यासुरत्या बाईला स्वतःच्या घरी जायला घरातून पळून जावं लागतं, तर काहीतरी आधीच झालेलं नाही का?

दुसरा खोटेपणा

इथपर्यंत वाचून तुम्ही 'शेवटी मातीची ओढ' असं काहीतरी लिहायला घेतलं असेल, तर थांबा. माझा राग त्या बाजूवरही तेवढाच आहे.

'म्हातारी माणसं गावातच शोभतात' म्हणणारे बहुतेक जण स्वतः शहरात असतात. त्यांना आपलं लहानपण कुलूपबंद ठेवायला कुणीतरी राखणदार हवा असतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. दहा डब्यांची पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. त्या उन्हाळ्यात घागर उचलता न येणाऱ्या म्हातारीला 'मातीशी नाळ' सांगणं हा निव्वळ निर्दयपणा होता. या सप्टेंबरच्या अतिवृष्टीत रस्ते तुटले, तेव्हा रोजच्या गोळ्या संपलेल्या माणसाला गावची शुद्ध हवा पुरत नव्हती.

माझ्या एका मैत्रिणीचे आजोबा नांदेडच्या गाडीपुऱ्यात जुन्या वाड्यात एकटे राहत. त्यांना मुलाकडं पुण्याला जायचं होतं. गुडघे गेले होते, संडास खाली अंगणात, खोली वर माडीवर. पण मुलांना वाडा हवा होता, सुट्टीत फोटो काढायला. "बाबांचा जीव वाड्यात अडकलाय," असं ती सांगत. बाबांचा जीव जिन्यात अडकला होता. ८२ व्या वर्षी ते दिवसाला सहा वेळा तो जिना उतरत होते. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं.

आणि विचारलं तरी पहिलं उत्तर खरं नसतं. "नको रे, मी इथंच बरी" याचा अर्थ कधी 'मला इथं राहायचंय' असतो, कधी 'सुनेवर ओझं नको' असतो आणि कधी 'अजून एकदा आग्रह कर' असतो. "चला, तुम्ही म्हणाल तसं" याचा अर्थ पुष्कळदा 'माझ्या म्हणण्याला किंमत नाही, हे मला माहीत आहे' असा असतो. एका फोनवर हे कळत नाही. त्यासाठी बसावं लागतं, पुन्हा विचारावं लागतं आणि मुलं समोर नसताना विचारावं लागतं. आजी माझ्याशी जे बोलली ते पप्पांसमोर कधीच बोलली नाही.

आणखी एका माणसाला विचारायचं राहतं. आजीला नांदेडला आणायचं ठरलं तेव्हा आई कुठं होती? "वाढत होते," आई मला मागच्या वर्षी म्हणाली. "शेवटच्या पंगतीला." त्या निर्णयानं जिची पहाटेची एक तास झोप गेली, जिला आजीची दुपार सांभाळायला पतसंस्थेतून धावत घरी यावं लागलं, ती त्या बैठकीत नव्हती. लेक 'आईला सांभाळतो' आणि सांभाळते सून, ही आपल्याकडची सगळ्यात जुनी लबाडी. त्यातून सासू-सुनेत जे साचतं, त्याचं खापर पुन्हा बायकांच्या स्वभावावर फुटतं.

मदत म्हणजे काय

मग काय करायचं? मी काही समाजसेविका नाही. पण तीन वर्षं चुकून जे शिकले ते सांगते.

पहिलं, तेराव्याला काही ठरवू नका. मृत्यू, पडणं, ऑपरेशन, पूर अशा कुठल्याही धक्क्यानंतर निदान सहा महिने कायमचा निर्णय नको. तोवर कुणीतरी जाऊन राहा. 'आम्हाला कसं जमणार' हे मला सांगू नका. २०२० मध्ये आपण सगळे लॅपटॉप घेऊन नांदेड-लातूरला आलो होतो, पत्र्याखाली बसून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर महिनोन् महिने काम केलं होतं. स्वतःवर आलं तेव्हा जमलं. आजीसाठी दोन महिने काढायचे म्हटलं की मॅनेजर आठवतो.

दुसरं, न्यायचंच असेल तर परतीची तारीख सांगून न्या आणि ती पाळा. गावातलं घर झाडून-पुसून, लाइट बिल भरून, राहण्याजोगं ठेवा. घराची किल्ली त्यांच्या कमरेला असू द्या, तुमच्या ड्रॉवरमध्ये नको.

तिसरं, हलवण्याआधी घर हलवता येतं का बघा. म्हणजे त्यातल्या वस्तू. आम्ही २०२४ मध्ये गावच्या घरात कमोड बसवला, न्हाणीत धरायला दांडा, निसरडी फरशी काढून खरबरीत, रात्री लागणारा दिवा आणि इन्व्हर्टर. सगळं मिळून माझ्या फोनच्या किमतीपेक्षा कमी खर्च आला. तेराव्याला हे कुणालाच सुचलं नव्हतं, कारण 'नेतो' म्हणायला काहीच खर्च येत नाही.

चौथं, माहिती द्या, निकाल देऊ नका. ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार ऑक्टोबर २०२४ पासून मिळू शकतात. ते कार्ड काढून दिलं का? रेशन दुसऱ्या गावात उचलता येतं, हे सांगितलं का? १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा हेल्पलाइन नंबर त्यांच्या फोनमध्ये आहे का? ज्या म्हातारीला जमीन नाही, जिचं घर २५० चौरस फुटांचं आहे आणि जी श्रावणबाळ योजनेच्या महिना पंधराशे रुपयांवर आहे, तिच्यापुढं 'राहू की जाऊ' हा प्रश्न माझ्या आजीसारखा येतच नाही. तिचं अनुदान अडकलं की तिचा निर्णय आपोआप होतो. तहसीलला तिच्याबरोबर एक चक्कर मारणं, ही तिला ठरवायला केलेली सगळ्यात मोठी मदत आहे.

पाचवं, आणि यावर मी हात जोडून सांगते, घर बदलताना सही घेऊ नका. महाराष्ट्रात आई-वडिलांनी मुलाला राहतं घर किंवा शेती बक्षीसपत्रानं दिली तर मूळ मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. 'आता तू आमच्याकडंच राहणार, मग घर नावावर करून टाक' हे वाक्य म्हणायला इतकं सोपं आहे. घर गेलं की परत जायचं ठिकाण गेलं, आणि ठिकाण गेलं की बोलायची हिंमत जाते. तरीही कुणाला द्यायचंच असेल तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द कागदावर हवेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं, की अशा अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्यानं सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात जायचं असतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेशातल्या एका आईला तिनं मुलाला दिलेली मालमत्ता याच कलमाखाली परत मिळवून दिली. त्याआधी २०२२ मध्ये त्याच न्यायालयानं दुसऱ्या प्रकरणात सांगितलं होतं, की अट असल्याचं दिसलं पाहिजे. हे त्यांना सही करण्याआधी कुणी सांगायला हवं? ज्याला घर मिळणार आहे, त्यानं. तो सांगत नाही. मग आपण सांगायचं.

यावर एक खरा आक्षेप आहे. स्मृतिभ्रंश झालेलं, अंथरुणाला खिळलेलं माणूस कसं ठरवणार? तिथं आपल्यालाच ठरवावं लागेल, हे मान्य. पण आपण त्या टोकाचं उदाहरण पुढं करून धडधाकट, हिशेब पाठ असलेल्या, एसटीचं वेळापत्रक तोंडपाठ असलेल्या बायांचे निर्णय घेतो. आणि खिळलेल्या माणसालाही सकाळी खाट कुठल्या खिडकीपाशी हवी, एवढं विचारता येतं.

रविवार

येळवशीच्या त्या पळण्यानंतर आजीनं स्वतः ठरवलं. मार्च ते पाऊस लागेपर्यंत नांदेड, कारण उन्हाळ्यात स्लॅबची भट्टी होते आणि पाण्याचा भरवसा नसतो. बाकीचे दिवस गाव. माझ्या शीटमध्ये हा पर्यायच नव्हता. रोज संध्याकाळी सातला ती मिस्ड कॉल देते. नाही दिला तर पप्पा शेजारी फोन करतात. जवळजवळ दोन वर्षं हे नीट चाललं.

या दिवाळीनंतर ती ओट्यावरून उतरताना पडली. उजवं मनगट मोडलं. जाऊच्या नातवानं मोटारसायकलवर औशाला नेलं, तिथून लातूर, प्लास्टर. पप्पा पोचले तेव्हा ती चहा पीत होती, डाव्या हातानं.

आता घरात पुन्हा तेच सुरू झालंय. काकांचा मेसेज आला, "मी तेव्हाच म्हणत होतो." परवा रविवारी नांदेडला बैठक आहे. काका पुण्याहून येतायत. घर विकायचं का, हाही विषय असल्याचं आत्याकडून कळलं.

मला माहीत आहे, उद्या ती पुन्हा पडू शकते. मनगटाऐवजी खुबा असू शकतो. मी हे लिहीत असताना माझ्या पोटात तोच गोळा आहे. ती गावात असताना काही झालं, तर नातेवाईक माझ्याकडं बोट दाखवतील आणि मी स्वतःला माफ करू शकेन का, हे मला ठाऊक नाही. पण ती नांदेडच्या न्हाणीतही पडू शकली असती, आणि तेव्हा आम्ही कुणीही म्हटलं नसतं, की बघ, नांदेडला आणायची चूक झाली. गावात पडली तर चूक तिची, आमच्याकडं पडली तर नशीब. या हिशेबात ती कधीच जिंकणार नाही.

मी आज रात्रीच्या गाडीनं निघतेय. रविवारी सांगणार आहे, की बैठक आजीच्या खोलीत होईल आणि पहिलं बोलणं तिचं. आई बसलेली असेल, चहा भाऊ करेल. प्लास्टर निघेपर्यंत आजीनं कुठं राहायचं एवढंच परवा ठरवायचं, घर विकण्याचा विषय काढायचा नाही. तिनं नांदेड म्हटलं तर नांदेड, आणि त्याबद्दल तिला 'शेवटी आलीस ना' असं कुणी ऐकवायचं नाही.

काल तिला फोन करून हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "येळवस कवा हाय?"

१९ डिसेंबर, मी सांगितलं.

"तवर पिलास्टर निघतंय का, ते डाक्टरला इचार," ती म्हणाली.